मातामाय ते जगदंबा : गावदेवीचे मंदिर कसे समजून घ्यावे

नागपूरच्या जुन्या पेठांत किंवा कामठी, कळमेश्वर, मौदा, उमरेड या तालुक्यांतील गावांच्या कडेला कडुनिंबाखाली शेंदूर फासलेले चार-पाच दगड, समोर रोवलेला त्रिशूळ आणि विटलेली लाल पताका असे एक ठिकाण हमखास आढळते. लोक तिला मातामाय म्हणतात. तिला भिंती नसतात, असल्याच तर कमरेइतक्या असतात. रोजची आरती नसते आणि पूजा करणारा माणूस बहुधा गावातल्याच एखाद्या शेतकरी किंवा गोंड कुटुंबातला असतो. याच शहराच्या उत्तरेला, छिंदवाड्याच्या रस्त्यावर, औष्णिक वीज केंद्रामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या कोराडीत महालक्ष्मी जगदंबेचे मोठे देवस्थान आहे. तेथे नवरात्रात भाविकांच्या नावाने अखंड ज्योती तेवतात, रात्रभर रांगा लागतात आणि अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर मंदिराचे रूपही पालटले आहे. भक्ताला विचारले तर दोन्हीकडची माय एकच आहे. अभ्यास करू पाहणाऱ्याला मात्र या दोन ठिकाणांमधले अंतर महत्त्वाचे वाटते, कारण गावदेवीचा बहुतेक इतिहास त्या अंतरातच घडलेला असतो.

हा इतिहास समजून घेताना बहुतेक जण कथेपासून सुरुवात करतात. देवी कोण, कोणाची मुलगी, तिने कोणत्या राक्षसाला मारले, हे आधी विचारले जाते आणि विधी त्या कथेची आठवण म्हणून होतात असे मानले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा घ्यावा. आधी देवी गावात कोणत्या जागी बसली आहे ते पाहावे, मग तिला काय दिले जाते आणि तिच्याकडून काय मागितले जाते ते पाहावे, आणि कथा सर्वांत शेवटी वाचावी. जागा सहसा हलत नाही, विधी सावकाश बदलतो. कथा मात्र प्रत्येक पिढीत नव्याने सांगितली जाते आणि सांगणाऱ्याच्या गरजेप्रमाणे वाकते.

शिवेवरची जागा

गावदेवी गावाच्या मधोमध क्वचितच असते. तिची जागा शिवेवर, पाणंदीच्या तोंडाशी, तळ्याच्या काठी किंवा जिथे दोन-तीन वाटा मिळतात तिथे असते. ही रीत जुनी आहे. भागवताच्या दशम स्कंधात विदर्भाची राजकन्या रुक्मिणी कृष्णाला निरोप धाडते, तेव्हा ती सांगते की लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा निघते आणि नववधूला नगराबाहेरच्या गिरिजेच्या दर्शनाला जावे लागते. हरण करायला तीच वेळ सोयीची, हे ती सुचवते. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा निवाडा बाजूला ठेवला तरी कथेचा सगळा डाव देवी गावाबाहेर असण्यावरच उभा आहे, हे लक्षात येते.

शिवेवर देवी का, याचे उत्तर गावाच्या भीतीत सापडते. वाघ, चोर, टोळधाड, पटकी, देवीचा रोग, परक्या गावची भुतेखेते ही सगळी संकटे बाहेरून, वाटेने येत. ज्या वाटेने संकट येते त्याच वाटेवर राखणदार बसवायचा, हा साधा विचार त्यामागे आहे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी फिरून अशा अनेक मातृदेवतांची ठाणी तपासली, तेव्हा त्यांना ती ठाणी पुरातन पायवाटांच्या आणि धनगरांच्या मार्गांच्या संगमावर दिसली, आणि काही जागी तर आसपास अश्मयुगातील बारीक दगडी हत्यारेही मिळाली. म्हणजे गाव वसण्याआधीपासून ती जागा कोणीतरी पवित्र मानत असावे आणि शेती करणारे लोक नंतर आले तेव्हा त्यांनी त्या जागेचा मान तसाच चालू ठेवला असावा, असा त्यांचा तर्क होता.

नागपूरच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी एक पदर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली हे नगर वसवले, ते बारा खेड्यांच्या समूहातून. त्या समूहाला राजापूर बारसा म्हणत. खेडी एकमेकांत मिसळली, पुढे भोसल्यांनी पेठा वाढवल्या, इंग्रजांनी मध्य प्रांताची राजधानी केली आणि आपल्या काळात तर हिंगणा, वाडी, बेसा, पारडीपर्यंत घरे पोचली. शिवेवरच्या देवी अशा रीतीने वस्तीच्या पोटात आल्या. रस्ता रुंद करताना मधेच एखादे चौथऱ्यावरचे ठाणे उभे राहते आणि वाहने त्याला वळसा घालून जातात. त्या जागेला अतिक्रमण म्हणणारे आणि रस्त्यालाच अतिक्रमण म्हणणारे असे दोन पक्ष मग भांडत राहतात. यात कोणाचे बरोबर ते प्रत्येक जागेच्या कागदपत्रांवर अवलंबून असेल; पण देवीचे ठाणे रस्त्याच्या आधीचे असण्याची शक्यता बरीच असते, एवढे खरे.

तापाची देवी आणि थंड नैवेद्य

मातामायचे पूर्वीचे सर्वांत मोठे काम रोगाशी संबंधित होते. अंगावर फोड येणारा देवीचा जीवघेणा रोग घरात शिरला की ‘माता आली’ असे म्हणत, आणि एकदा रोगालाच माता म्हटले की रुग्णाशी वागण्याचे नियम आपोआप पाहुणचाराचे नियम होतात. घरात फोडणी देत नसत, तळण करत नसत, पुरुष दाढी करत नसत, मोठ्याने भांडत नसत, बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नसत. रुग्णाच्या अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरत आणि त्याच्याच डहाळीने वारा घालत. फोड सुकले की आंघोळ घालून, दही-भाताचा नैवेद्य घेऊन, घरची बाई मातामायला जाऊन तिची पाठवणी करी. उत्तरेकडे आणि बंगालात हीच देवी शीतला या नावाने ओळखली जाते. तिच्या स्तोत्रात ती गाढवावर बसलेली, हातात केरसुणी आणि कलश असलेली, डोक्यावर सूप धरलेली अशी वर्णिली आहे. झाडणे, पाखडणे आणि पाणी शिंपून शांत करणे ही तिची कामे त्या वर्णनातच सांगितलेली आहेत. महाराष्ट्रात श्रावण शुद्ध सप्तमीला शीतला सप्तमी पाळतात आणि त्या दिवशी चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खातात, त्याचे कारण हेच : देवी उष्ण आहे, तिला थंड करायचे आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ‘आपल्या पूर्वजांना विलगीकरणाचे शास्त्र ठाऊक होते’ असे विधान अलीकडे फार सहजपणे केले जाते. बाहेरच्यांना घरात न घेण्याचा परिणाम काही प्रमाणात विलगीकरणासारखा होत असेल, हे मान्य. पण नियमामागचा विचार देवीचा विटाळ होऊ नये हा होता, आणि याच विचारापोटी लस टोचून घेण्याला अनेक ठिकाणी विरोधही झाला, कारण देवीच्या कामात माणसाने हात घालणे लोकांना धोक्याचे वाटे. कडुनिंबाने रुग्णाला थंडावा मिळाला असेल, रोग थांबला नाही. तो लसीने थांबला. भारतात पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्यानंतर पावणेदोन शतके मोहीम चालली, १९७७ मध्ये भारत देवीच्या रोगापासून मुक्त जाहीर झाला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या जगातून हा रोग गेल्याची घोषणा केली.

रोग गेला म्हणून मातामायचे ठाणे ओस पडले का? पडले नाही, आणि ही बाब मला या विषयातली सर्वांत लक्षणीय वाटते. आधी कांजिण्या-गोवर तिच्याकडे राहिले. मग मूल होणे, लग्न जुळणे, नवी गाडी, बोअरवेलला पाणी, पोराची नोकरी अशी मागणी तिच्याकडे येऊ लागली. नैवेद्य मात्र थंडच राहिला. आजही नव्या दुचाकीला हार घालून मातामायसमोर दही-भात ठेवणाऱ्या कुटुंबाला तो का ठेवायचा हे सांगता येईलच असे नाही. आजी ठेवत होती म्हणून ते ठेवतात. विधी कथेपेक्षा चिवट असतो, हे आधी म्हटले ते याच अर्थाने.

वर्षभरातले विधी

गावदेवीच्या विधींचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात : घराने करायचे आणि गावाने करायचे. घराचे विधी म्हणजे ओटी भरणे, जावळ काढणे, लग्नाआधी देवीला हळद लावणे आणि नवस फेडणे. आपल्याकडे नवस फेडताना रोडग्यांचा स्वयंपाक करायची पद्धत आहे. देवीच्या ठाण्याजवळच गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी करायची, पहिला वाटा देवीला दाखवायचा आणि मग भाऊबंद, शेजारी, वाटेने जाणारा अनोळखी माणूस अशा सगळ्यांना जेवू घालायचे. नवस एकट्याचा असला तरी तो फिटायचा सर्वांच्या पंगतीत.

गावाचे विधी अधिक गुंतागुंतीचे. आषाढात, पेरण्या आटोपल्या आणि रोगराईचे दिवस सुरू झाले की, सगळे गाव वर्गणी काढून मातामायची पूजा करते. पूर्वी बोकड किंवा कोंबडा कापत आणि मांसाचे वाटे घरोघर जात. कोणत्या घराला कोणता वाटा हे ठरलेले असे. गाडगे महाराज आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, दोघेही आपल्याच विदर्भातले, यांनी पशुबळीविरुद्ध आयुष्यभर बोलून लोकांची मने वळवली, आणि आता अनेक ठिकाणी कोहळा किंवा शेंदूर लावलेले नारळ फोडून काम भागवतात. बदल होताना विधीची चौकट शाबूत राहिली : काहीतरी कापले किंवा फोडले जाते, त्याचा लाल रंग दिसतो आणि त्याचे वाटे होतात.

चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत पूर्व नागपूरकडच्या वस्त्यांत जवारे पेरले जातात. छत्तीसगड आणि बुंदेलखंडाकडून आलेल्या समाजांनी ही प्रथा येथे रुजवली. टोपल्यांत माती आणि खत घालून गहू पेरतात आणि त्या अंधाऱ्या खोलीत ठेवतात, त्यामुळे कोंब हिरवे न होता पिवळसर येतात. नऊ रात्री ढोलक-मंजिऱ्यांवर जस गायले जातात. जस म्हणजे देवीच्या पराक्रमाची गाणी. नवव्या दिवशी बाया त्या टोपल्या डोक्यावर घेऊन तळ्याकडे निघतात, आणि मिरवणुकीत काही पुरुष गालातून लोखंडी बाणे आरपार घालून चालतात. मराठी घरातल्या घटस्थापनेत घटाभोवतीच्या मातीत धान्य उगवते, तोच हा विधी मोठ्या प्रमाणात आहे. कोंब दाट आले तर साल बरे जाईल, विरळ आले तर पीक हात देणार नाही, असा अंदाज दोन्हीकडे बांधतात. पुराणातल्या महिषासुराची आठवण या नवरात्रात होते खरी, पण विधीचे सगळे सामान मात्र बी, माती, खत आणि पाणी एवढेच आहे.

नागपूरची मारबत हा याच विचाराचा दुसरा पैलू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत यांचे मोठे पुतळे मिरवत नेऊन शहराबाहेर जाळतात आणि ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही प्रथा चालत आली आहे. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा ठपका ज्यांच्यावर लोकांनी ठेवला त्या भोसले घराण्यातील बाकाबाईशी जोडतात. बडग्यांच्या, म्हणजे मारबतीसोबत मिरवल्या जाणाऱ्या पुरुषी पुतळ्यांच्या, रूपाने आता महागाई आणि भ्रष्टाचारही जाळतात. त्याखालचा ढाचा मात्र जुनाच आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांत पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा सजवून गावाच्या शिवेपलीकडे सोडून येत. मग पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे न्यायचा. मातामाय संकटाला शिवेवर अडवते, तर मारबत घरात आधीच शिरलेले संकट शिवेबाहेर घेऊन जाते.

आता कथा

इतके पाहिल्यावर कोराडीची कथा वाचावी. तेथील परंपरा सांगते की पूर्वी या गावाचे नाव जाखापूर होते. झोलन नावाच्या राजाला जनोबा, नानोबा, बानोबा, बैरोबा, खैरोबा, अग्नोबा आणि दत्तासुर असे सात मुलगे होते, पण मुलगी नव्हती. त्याने यज्ञ आणि तप केले, तेव्हा आदिमाया कन्यारूपाने त्याच्या घरी आली. तिने राजाला अडचणीच्या प्रसंगी योग्य वाट दाखवली आणि कार्य संपल्यावर सूर्यास्ताच्या वेळी ती जिथे विसावली ते स्थान म्हणजे कोराडी. मूर्ती स्वयंभू मानली जाते आणि दिवसातून तीन रूपे घेते अशी श्रद्धा आहे : सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा.

सात भावांची नावे पाहिली की खंडोबा, म्हसोबा, विरोबा या शेतशिवारातल्या देवांची आठवण होते. माझा तर्क असा की ही नावे कधीकाळी आसपासच्या शिवारांतल्या देवांची असावीत आणि सर्वांना एका घरात आणून त्यांच्यामध्ये एक बहीण बसवण्याचे काम कथेने केले असावे. पुरावा म्हणून दाखवावे असे माझ्याजवळ काही नाही, परंतु विखुरलेल्या देवतांना नात्यात गुंफणे ही लोककथेची नेहमीचीच रीत आहे. पाण्याकाठच्या साती आसरांना बहिणी ठरवताना तिने हेच केले. देवी मुलगी म्हणून येते, लग्न करून जात नाही, विसावते आणि कायमची राहते, हेही महत्त्वाचे आहे. लेक सासरी जाते. गावाला मात्र कधीही न जाणारी लेक हवी असते.

तीन रूपांची कल्पना कोराडीपुरती नाही. उत्तराखंडातल्या धारीदेवीबद्दलही असेच सांगतात. शिवाय संध्यावंदनात गायत्रीचे ध्यान सकाळी बाला, मध्यान्ही युवती आणि सायंकाळी वृद्धा असे करतात. येथे वैदिक कल्पना खाली आली की लोकांची कल्पना वर गेली, हा वाद सुटण्यासारखा नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांना ती आपली वाटली म्हणून ती टिकली, इतके म्हणता येते.

विदर्भातल्या असंख्य घरांची कुलदेवता असलेल्या माहूरच्या रेणुकेची कथा दुसऱ्या प्रकारची आहे. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचा शिरच्छेद केला, हा भाग सर्वांना माहीत असतो. माहूरची परंपरा पुढचे सांगते : आईच्या विरहाने व्याकूळ झालेल्या परशुरामाला ती जमिनीतून पुन्हा प्रकट होईल, फक्त मागे वळून पाहू नकोस, असे सांगण्यात आले, त्याला धीर निघाला नाही, त्याने वळून पाहिले आणि तोवर केवळ मुखच वर आले होते. माहूरला देवीचे फक्त मुख पुजतात, त्याला तांदळा म्हणतात. आता विधीकडून कथेकडे आले की असे दिसते : पुजायला धडाविना मुख, म्हणजे मूळचा शेंदूर लावलेला गोल पाषाण आधीपासून होता, धड का नाही, हे विचारणाऱ्याला उत्तर म्हणून ही कथा रचली गेली असावी. नांगराच्या फाळाला दगड लागून रक्त आले, गाय एका जागी पान्हा सोडू लागली, स्वप्नात दृष्टांत झाला, या गावोगावच्या कथाही असेच काम करतात. घडवलेली मूर्ती नाही ही उणीव त्यांच्यामुळे स्वयंभूपणाच्या मोठेपणात बदलते.

पुराणांनीही या देवींसाठी दार उघडे ठेवले होते. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात देवी स्वतः वचन देते की जेव्हा जेव्हा दानवांची बाधा होईल तेव्हा तेव्हा मी अवतार घेईन. या वचनामुळे कोणत्याही गावची देवी त्याच आदिशक्तीचा अवतार ठरू शकते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या सुमारास ज्या प्रक्रियेला संस्कृतीकरण हे नाव दिले, ती या वाटेने चालते : दगडाला आधी चांदीचे डोळे लागतात, मग मुखवटा, मग साडी, मग शेजारी संगमरवरी मूर्ती, बळी थांबतो, सप्तशतीचे पाठ सुरू होतात आणि मातामायची दुर्गामाता होते. मला यात निव्वळ प्रगतीही दिसत नाही आणि निव्वळ हानीही दिसत नाही. पण ज्या गोंड भुमकाने (गावच्या पुजाऱ्याने) किंवा माळ्याने पिढ्यानपिढ्या दिवा लावला, तो या प्रवासात अनेकदा पायरीच्या बाहेर राहतो, आणि त्याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

अंगात येणे, मान आणि कायदा

नवरात्रात किंवा जवाऱ्यांच्या मिरवणुकीत एखाद्या बाईच्या अंगात देवी येते, केस मोकळे सुटतात, ती घुमू लागते आणि लोक पुढे होऊन प्रश्न विचारतात. एरवी जिचे घरात कोणी ऐकत नाही तिचे त्या घटकेला सासराही हात जोडून ऐकतो, आणि काही वेळा ती नेमके तेच बोलते जे तिला वर्षभर बोलता आलेले नसते. म्हणून सगळेच सोंग असते असे म्हणता येणार नाही. मात्र याच्या आड फसवणूकही होते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने यात्रा, पूजा, नवस यांना हात लावलेला नाही. अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना धमकावणे किंवा फसवणे, आणि साप, विंचू, कुत्रे चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे मात्र गुन्हे ठरवले आहेत.

दुसरा प्रश्न मानाचा. घट देणारा कुंभार, पहिले नारळ वाढवणारा पाटील, दवंडी देणारा कोतवाल, वाद्य वाजवणारे, दिवा लावणारे अशी गावदेवीच्या पूजेतली कामे जातींमध्ये वाटलेली होती, आणि त्या वाटणीत गावाची उतरंडही होती. कोणाला चौथऱ्यावर चढू द्यायचे नाही, हेही त्यातच ठरे. देवस्थान वाढले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदणी होते, विश्वस्त नेमले जातात, दानपेटीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो, आणि तोंडी चालत आलेला मान कागदावर कसा लिहायचा यावरून वाद सुरू होतात. पिढीजात पुजाऱ्याला पगारी नोकर म्हणायचे की हक्कदार म्हणायचे, चढाव्यातला त्याचा वाटा किती, अमक्या घराण्याची पहिली ओटी हा हक्क की केवळ प्रथा, असे प्रश्न मग धर्मादाय कार्यालयाच्या आणि पुढे न्यायालयाच्या दारात जातात. तेथे दोन्ही पक्ष देवीची कथाही पुरावा म्हणून मांडतात, आणि प्रत्येकाच्या कथेत देवीने पहिला दृष्टांत ज्याला दिला तो त्याचाच पूर्वज असतो.